गव्याला ऊस कुणी दाखवला? कोल्हापूरची जनावरं पावसाच्या हिशोबानं समजून घेताना

मागच्या फेब्रुवारीत राधानगरीकडं मामांच्या गावाला गेलो होतो. रात्रीचं जेवण उरकलं आणि मामा म्हणाले, चल, लाईट आलीय, पाणी फिरवून येऊ. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते, त्यामुळं आपल्याकडं निम्म्या शेतकऱ्यांचं पाणी पाजणं अंधारातच चालतंय. मोटर सुरू करून आम्ही पाटाच्या कडेनं वर निघालो आणि मामांनी एकदम हात आडवा धरून मला थांबवलं. बोलले काहीच नाहीत. समोरच्या उसातनं पाचट तुडवल्याचा आवाज येत होता, मग कांडी मोडल्याचा कडाक, आणि मध्येच कुणीतरी नाकातनं जोरात हवा सोडावी तसा फुस्स. मी बॅटरी मारली तर सरीच्या तोंडाला दोन डोळे चकाकले, माझ्या डोक्याच्या उंचीवर. मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं, काळंभोर अंग, पाठीवर उंच वशिंड आणि गुडघ्याखाली चारी पाय पांढरे, जसे कुणी मोजेच घातलेत. "बॅटरी खाली धर रं," मामा हळूच म्हणाले, "तोंडावर मारू नगंस, त्याला वाट दिसू दे." आम्ही चार-पाच पावलं मागं सरलो. तो दोन मिनिटं तसाच उभा राहिला, मग आडवा वळला आणि बांध ओलांडून वरच्या अंगाला निघून गेला, आणि एवढं मोठं धूड पण जाताना आवाज फारसा नाही.

सकाळी जाऊन बघितलं तर ऊस बराचसा उभाच होता, शेंडे तेवढे खाल्लेले, आणि वाटेत आले तेवढे ऊस आडवे. चिखलात खूर उमटलेला, बैलासारखाच पण मामांचा अख्खा पंजा त्यात मावत होता. तिथंच बसून मामा म्हणाले, आमच्या लहानपणी गवा बघायचा म्हटलं की दाजीपूरला जायला लागायचं, आणि गेलं तरी दिसंल याचा भरवसा नव्हता, आता रोज दारात येतोय, ह्याला ऊस दाखवला तरी कुणी?

हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलाय. त्याचं उत्तर शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं की नुसता गवाच नाही, आपल्या जिल्ह्यात कुठलं जनावर कुठं राहतं आणि का राहतं हे सगळं एकाच गोष्टीवरनं बऱ्यापैकी उलगडतं, ती म्हणजे पाऊस.

कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यापुढं आणा. पश्चिमेला गगनबावडा, पूर्वेला शिरोळ, दोन्हीमधी अंतर रस्त्यानं शंभर किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचाल. पण गगनबावड्यात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि शिरोळात 500 ते 600. म्हणजे दहाव्या हिश्श्याला. एका जिल्ह्यात एवढा फरक का, तर समुद्रावरनं येणारं ढगाळ ओलं वारं कोकणातनं सरळ येऊन सह्याद्रीच्या भिंतीला थडकतं, पुढं जायला जागा नाही म्हणून वर चढतं, वर चढलं की थंड होतं, आणि थंड हवेला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून सगळं ओझं घाटमाथ्यावरच उतरवतं. डोंगर ओलांडून आपल्या बाजूला ते खाली उतरायला लागलं की परत गरम होतं आणि कोरडं पडतं, शिरोळपर्यंत जाईस्तोवर त्यात देण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. याला भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछाया म्हणतात, आपण शाळेत पाठ करून सोडून दिलेला शब्द, पण आपल्या जिल्ह्यातलं प्रत्येक जनावर त्याच्यावरच जगतंय.

पाऊस बदलला की झाड बदलतं. माथ्यावर जांभूळ, अंजन अशी वर्षभर हिरवी राहणारी दाट झाडी, थोडं खाली आलं की ऐन, किंजळ, नाना असली उन्हाळ्यात पानं झाडणारी, अजून पूर्वेला आलं की बाभूळ, बोर आणि गवताचे माळ. झाड बदललं की खाणारं जनावर बदलतं, आणि खाणारं बदललं की त्याला खाणारं पण बदलतं.

आता गव्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याच्याबद्दल आपल्या लोकांत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत आणि तो तर आपल्या जिल्ह्याची ओळख आहे.

आपण गवारेडा म्हणतो, पण तो रेडा नाही, म्हशीच्या कुळातला नाहीच. बऱ्याच जुन्या पाट्यांवर बायसन लिहिलेलं असतं, तो बायसन पण नाही, खरे बायसन अमेरिकेत आणि युरोपात. गवा हा गाय-बैलांचाच सख्खा नातेवाईक, ईशान्य भारतात मिथुन नावाचं पाळीव जनावर आहे ते गव्याच्याच जवळचं. भरलेला नर खांद्याला जवळपास सहा फूट उंच आणि वजन हजार किलोपर्यंत, म्हणजे पाठीवर हात ठेवायचा तर उंच माणसाला पण हात वर करावा लागंल. ते वशिंड दिसतं ना, ते बैलासारखं मऊ मांसाचं नसतं, मणक्याची हाडंच वर लांब वाढलेली असतात आणि त्याच्यावर स्नायू. नर काळा, मादी तपकिरी, आणि पिल्लू जन्मतं तेव्हा सोनेरी असतं, पायातले पांढरे मोजे नंतर येतात.

कळपाची पुढारी बहुतेक वेळा वयस्कर मादी असते, चारा कुठं आहे, उन्हाळ्यात पाणी कुठं टिकतं हे तिच्या डोक्यात असतं. मोठे नर बराच काळ कळपाबाहेर एकटे फिरतात, म्हणून गावात घुसलेला, रस्त्यावर उभा राहिलेला, व्हिडीओत दिसणारा गवा बहुतेक वेळा एकटा नरच असतो. तो पिसाळलेला नसतो की "हद्दपार" केलेला गुन्हेगार नसतो, त्याच्या जातीची राहायची पद्धतच ती आहे. आणि अजून एक, गवा रागावला की बहुतेक वेळा थेट अंगावर येत नाही, आधी आडवा उभा राहून आपलं अख्खं अंग दाखवतो, बघ मी केवढा आहे म्हणून. मामांच्या शेतात तो आडवा वळला तेव्हा तो आम्हाला हेच सांगत होता आणि मामांना ते कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं.

दिवसभर तो झाडीत बसून रवंथ करतो, चरतो पहाटे आणि संध्याकाळनंतर. गवत, कारवी, बांबूचे कोंब, झाडाची साल, आणि मीठ. मिठाची त्याला फार ओढ असते, म्हणून वनखातं जंगलात खडे मीठ ठेवतं, ज्याला चाटण म्हणतात.

हे जनावर आपल्याकडं टिकलं कसं ह्याला पण इतिहास आहे. शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, आणि त्या पाणलोटातलं दाजीपूरचं जंगल संस्थानाची राखीव शिकारीची जागा होती. शिकारीसाठी का होईना, पण जंगल राखलं गेलं, तोडलं नाही. स्वातंत्र्यानंतर 1958 साली तिथंच दाजीपूर गवा अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, आणि 1985 साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, आता ते 351 चौरस किलोमीटरचं आहे. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यात राधानगरी पण आहे. मला ह्याचा मनापासून अभिमान वाटतो, आणि कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्ती सांगताना हे का सांगत नाही आपण, हे मला कळत नाही.

पण दाजीपूर म्हणजे नुसता गवा असं समजून जे लोक जातात, सावराई सड्यावर गवा दिसला नाही की "काहीच दिसलं नाही" म्हणून परत येतात, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. त्यांच्या पायाखाली काय होतं हे त्यांनी बघितलंच नाही.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात बघाल तर नुसता भाजलेला काळा-तांबडा दगड, कुणीही म्हणंल पडीक जमीन. पावसाळ्यात त्याच दगडाच्या खळग्यात पाणी साठतं, त्यात बेडकांची अंडी, कडंला सीतेची आसवं आणि दवबिंदू नावाची किडे खाणारी रोपटी, दगड उलटा केला तर खाली विंचू नाहीतर देवगांडूळ. हे देवगांडूळ बघून लोक साप समजून मारतात, पण ते साप पण नाही आणि गांडूळ पण नाही, ते बेडकाच्या बिरादरीतलं पाय नसलेलं जनावर आहे, मातीत राहतं, किडे-गांडुळं खातं, माणसाला त्याचा काही त्रास नाही. आणि ह्याच दाजीपूरच्या परिसरात 2009 साली शास्त्रज्ञांनी एक नवीन पाल नोंदवली, बोटभर लांबीची, झाडावर न राहता जमिनीवर पाचोळ्यात फिरणारी, आणि तिच्या खवल्यांवर ऊन पडलं की इंद्रधनुष्यासारखी चमक दिसते. तिचं शास्त्रीय नाव निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. आपल्या जिल्ह्याचं नाव जगाच्या प्राणिशास्त्रात एका पालीमुळं कायमचं लागलंय, आणि दहातल्या नऊ कोल्हापूरकरांना ते माहिती नसेल. सड्यावर बॉक्साईटसाठी खाणी लागतात तेव्हा "तिथं काय, दगडच तर आहे" असं जे बोललं जातं, त्याचं उत्तर त्या खळग्यात आहे.

अजून एक सांगतो, गेळा. काही ठिकाणी पिसोरी म्हणतात. हरणाच्या कुळाला लांबनं जवळचं, पण वजन जेमतेम तीन किलो, घरातल्या मोठ्या बोक्याएवढं. शिंगं नाहीत, नराला वरच्या जबड्यातनं बाहेर आलेले दोन बारीक सुळे. अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, म्हणजे पाचोळ्यावर ऊन-सावली पडल्यासारखं दिसतं, तुम्ही दोन फुटावरनं चालत गेलात तरी ते हलणार नाही आणि तुम्हाला कळणार पण नाही. गाय-म्हशीच्या पोटाला चार कप्पे असतात, ह्याच्या पोटाला तीनच, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांचा अगदी जुन्या काळातला नमुना आपल्या जंगलात अजून चालतोय-फिरतोय. मी स्वतः आयुष्यात एकदाच बघितलंय, पहाटे, गाडीच्या उजेडात, तीन सेकंद. अजून डोळ्यापुढं आहे.

भेकर तुम्हाला दिसायच्या आधी ऐकू येतं, कुत्र्यासारखं भुंकतं, नवीन माणसाला वाटतं जवळ वाडी आहे. सांबर धोका दिसला की पाय आपटून मोठ्यानं पोंक करतं. उलट जो खरंच कुत्र्याच्या कुळातला आहे तो कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, तो भुंकत नाही, शिट्टी घालतो, आणि दाट झाडीत अख्खी टोळी त्या शिट्टीवर एकमेकांचा पत्ता ठेवते. शेकरू, आपला राज्यप्राणी, एकाच झाडावर नाही तर आसपासच्या बऱ्याच झाडांवर घरटी करून ठेवतो आणि जमिनीवर सहसा उतरत नाही, म्हणजे दोन झाडांच्या फांद्या एकमेकाला टेकल्या नाहीत तर त्याचा रस्ताच बंद. मध्ये एक डांबरी रस्ता रुंद केला तरी शेकरूच्या दृष्टीनं तो कृष्णेचा पूर आहे. अस्वलाचं सांगायचं तर त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतनं ते वारुळातली वाळवी नळीसारखी ओढून घेतं, आणि जांभळं-करवंदं खाऊन बिया लांबलांब पेरत जातं.

पूर्वेला आलं की सगळं बदलतं. हातकणंगले, शिरोळ, कागलचा काही भाग, हा मूळचा माळरानाचा मुलूख, धनगरांच्या मेंढरांचा. माळावरचं जनावर दाट जंगलात जगत नाही कारण त्याचा जीव वाचतो तो लांबचं दिसण्यात आणि पळण्यात. कोल्हापूर संस्थानात काळवीटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळायचे, देशातले चित्ते कमी पडायला लागले तेव्हा आफ्रिकेतनं आणवले, आणि ते चित्ते सांभाळणारी माणसं दरबारात पिढ्यानपिढ्या होती. चित्ता हा उघड्या माळाचाच प्राणी, म्हणजे तसा माळ आपल्याकडं होता. 1952 साली सरकारनं भारतातला चित्ता संपला असं जाहीर केलं. माळाचं काय झालं ते आपण बघतोच, निम्मा उसाखाली गेला, निम्मा प्लॉट आणि कारखान्यांच्या शेडखाली. खोकड, कोल्हा, ससा ही मंडळी बांधाबांधानं अजून कशीबशी टिकून आहेत.

आणि नदीत मगर. कृष्णेत, वारणेत, पंचगंगेच्या खालच्या अंगाला. पूर आला की गावात येते आणि मग फोटो फिरतात, पण ती तिथं नवीन नाही. मादी नदीकाठच्या वाळूत, मातीत खड्डा करून अंडी घालते, उन्हाळ्यात, आणि गंमत अशी की पिल्लू नर होणार की मादी हे त्या खड्ड्यातल्या गरमीवर ठरतं. मधल्या एका ठरावीक तापमानाला नर, त्यापेक्षा थंड किंवा जास्त गरम असेल तर माद्या. म्हणजे काठावरची झाडं तोडून सावली घालवली, वाळू उपसली, तर आपण मगरीच्या पुढच्या पिढीत मुलगे किती आणि मुली किती यात हात घालतोय.

आता परत मामांच्या प्रश्नाकडं.

पावसानं आखलेला हा नकाशा हजारो वर्षं असाच होता, पश्चिमेचं पश्चिमेला, पूर्वेचं पूर्वेला. मग आपण धरणं बांधली. राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, आणि नदीनदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, उपसा सिंचनाच्या पाईपलाईनी डोंगराच्या पोटापर्यंत चढवल्या. त्या पाण्यानं आपल्या घरात पैसा आला, पोरं शिकली, मी पण त्यातलाच एक, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण पाणी मिळाल्यावर आपण जे लावलं तो ऊस, आणि ऊस गव्याच्या नजरेनं बघा जरा. ऊस म्हणजे गवतच, नाचणी-भात-गव्हासारखं गवताच्या कुळातलं, फक्त दहा फूट उंच आणि गोड. फेब्रुवारी ते मे जंगलातलं गवत वाळून करकरीत होतं, झरे आटतात, तेव्हा जंगलाच्या हद्दीला लागून हे हिरवंगार, ओलं, आत शिरलं की कुणाला न दिसणारं गवत उभं. आधी ह्याच हद्दीवर काय होतं, तर भात आणि नाचणी, पावसात पिकायची, दिवाळीच्या आसपास काढून व्हायची, उन्हाळ्यात शेत मोकळं. गव्याला तिकडं यायचं कारणच नव्हतं. म्हणजे ऊस गव्याला कुणी दाखवला नाही, ऊसच चालत चालत गव्याच्या दारापर्यंत गेला. मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले खरं हाय, ह्या तुकड्यात आबा नाचणीच करायचे.

बिबट्याचं पण असंच आहे, फक्त तो ऊस खायला येत नाही. ऊस त्याला लपायला जंगलासारखाच, आत रानडुक्कर, घुशी, ससे, आणि वस्तीजवळ कुत्री. मादी उसातच पिल्लं घालते, तिला काय माहीत हे जंगल वर्षा-दीड वर्षानं कोयत्यानं साफ होणार आहे. तोड लागली की फडात पिल्लं सापडतात आणि लोक उचलून कौतुकानं फोटो काढतात. ती पिल्लं पोरकी नसतात, आई जवळच कुठंतरी दबा धरून असते. पिल्लं होती तिथंच ठेवून माणसं लांब झाली तर बहुतेक वेळा ती रात्रीत येऊन एकेक करून तोंडात धरून घेऊन जाते, आणि पिल्लं नेली तर तीच आई त्या गावात सैरभैर फिरत राहते. तसंच पिंजरा लावून बिबट्या लांब नेऊन सोडा अशी मागणी लगेच होते, त्यावर बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नरकडं केलेलं काम वाचण्यासारखं आहे, त्यांना असं दिसलं की असे बिबटे उचलून दुसरीकडं सोडल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. कारण अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर गोंधळलेलं असतं, आणि इकडची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या येऊन धरतोच.

चंदगड-आजऱ्याकडं हत्तीची गोष्ट वेगळी. 2002 च्या सुमाराला कर्नाटकातनं दांडेलीच्या बाजूनं हत्ती तिलारीच्या खोऱ्यात उतरले आणि तिथनं चंदगड, आजरा. त्याआधीच्या पिढ्यांना हत्ती म्हणजे देवळातला नाहीतर सर्कशीतला. तिकडची माणसं आता सुळेवाल्या एकट्या नराला सरळ टस्कर म्हणतात, टस्कर आला, टस्कर गेला. हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, तो फणस, केळी, भात, ऊस जे मिळंल ते घेतो, आणि एका रात्रीत एका घराचं वर्ष मोडतं. भरपाई मिळते पण कागद, पंचनामा, फेऱ्या, हे ज्यानं केलंय त्यालाच माहिती. शेतकऱ्याच्या ह्या रागाला जे शहरातनं "तुम्हीच जंगलात घुसलाय" म्हणून उत्तर देतात त्यांच्याशी मी सहमत नाही. साखर आपण सगळे खातो, नुकसान मात्र हद्दीवरच्या माणसानं एकट्यानं सोसायचं, हे बरोबर नाही.

वाघ पण आहे, हो, आपल्या जिल्ह्यात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 साली झाला, कोयना आणि चांदोली मिळून, आणि त्याच्या दक्षिणेला राधानगरी, तिलारी, पुढं गोवा आणि कर्नाटकातलं काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल अशी ही साखळी आहे. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, एकासारखे दुसऱ्याचे नसतात, म्हणून कॅमेऱ्यात आलेल्या दोन फोटोवरनं कळतं की राधानगरीतला वाघ पुढं चांदोलीत पोचला. ह्या रस्त्याला कॉरिडॉर म्हणतात, पण रस्ता म्हणजे एखादी पायवाट नाही, मध्ये लपायला झाडी आणि खायला जनावर असलेली सलग जंगलांची ओळ. तरुण नर नवीन हद्द शोधत शेकडो किलोमीटर जातो, मादी मात्र सहसा आईच्या आसपासच जागा धरते, म्हणून इकडं नर येऊन बसायचे आणि वाघीण काही पोचायची नाही. शेवटी नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबातनं वाघीण चांदोलीत आणली. विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ह्या जंगलांना गेल्या काही वर्षांत संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलंय त्याचं महत्त्व इथं आहे, साखळीतल्या ह्या मधल्या कड्या आहेत, आणि ह्यात गावं उठवायची नसतात.

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचं, गवा गावात आला तर. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला, शेकडो माणसं त्याच्या मागं पळाली, भुलीचं इंजेक्शन देऊन धरला आणि तो मेला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात आपल्या कोल्हापूरच्या वेशीवर गवा आला, तेव्हा पण गर्दी, आणि भुयेवाडीकडं एका तरुणाचा जीव गेला. कोथरूडात काय झालं ते समजून घ्या. मोठं जनावर जीव खाऊन पळतं तेव्हा त्याचे स्नायू एवढे तापतात आणि ताणले जातात की ते आतनं फाटायला लागतात, त्यातनं बाहेर पडलेले पदार्थ रक्तात मिसळतात, मूत्रपिंड आणि हृदय बंद पडतं. म्हणजे ते कुणाच्या गोळीनं मरत नाही, पळवल्यानं मरतं. मोबाईल घेऊन मागं पळणारा प्रत्येक जण त्यात थोडा थोडा वाटेकरी असतो, हे मला कुणाला दुखवायला नाही तर खरंच काळजीनं म्हणायचंय.

करायचं फार सोपं आहे. गर्दी करायची नाही, हुर्रे करून ओरडायचं नाही, कुत्री सोडायची नाहीत, तो ज्या दिशेनं आलाय ती बाजू मोकळी ठेवायची आणि 1926 ह्या वनखात्याच्या नंबरला फोन करायचा. अंधार पडला की तो बहुतेक वेळा आलेल्या वाटेनंच परत जातो. रात्री पाण्याला जाताना एकटं जायचं नाही, बोलत जायचं नाहीतर मोबाईलवर गाणी लावायची, कारण गवा असो की अस्वल, त्याला सगळ्यात जास्त राग येतो तो अचानक समोर माणूस उगवल्याचा. आणि शेतीची लाईट दिवसा द्या ही मागणी शेतकरी करतात तेव्हा ती वन्यप्राण्यांच्या भल्याची पण मागणी आहे, हे जंगलप्रेमी मंडळींनी पण जोरात म्हणायला पाहिजे.

हे लिहून होत आलं तेव्हा मामांचा फोन आला. गवी आलीय म्हणाले, वरच्या बांधाला, बरोबर पिल्लू आहे, अजून सोनेरीच आहे, आईच्या पोटाखाली उभं राहून आमच्याकडंच बघतंय. मी विचारलं मग पाणी? म्हणाले लाईट आलीय, पण मोटर नाही लावली अजून, जाऊ दे त्यांना आधी.